ओळंब्याचा खांदा आणि मी

मित्रांनो, काठी म्हटले की तुम्ही दोन पावले मागे सरता, हे मला ठाऊक आहे. सरू नका. मी एक जुनी काठी आहे खरी, पण उभ्या आयुष्यात मी कुणाच्या पाठीवर बसले नाही. कुणी म्हातारपणी माझ्यावर टेकून चालले, असेही झाले नाही. माझे काम निराळे. ज्यांचा खांदा अडला आहे, अशी माणसे मला दोन्ही हातांत आडवी धरतात. त्यांचा बरा हात मला हळूच ढकलतो आणि मी दुसऱ्या, दुखऱ्या हाताला सांगते, “चल, थोडे बाहेर जाऊन येऊ.” बस्स, एवढेच.

माझा जन्म एका काताऱ्याच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे लाकूड गरागरा फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. त्याने मला फरशी पुसायच्या लांब ब्रशचा दांडा म्हणून घडवले. एका मोठ्या रुग्णालयाच्या लांबच लांब व्हरांड्यांत मी बरीच वर्षे पुढे-मागे धावले. मग ब्रशचे केस झडले. ब्रश कचऱ्यात गेला, आणि मीही त्याच वाटेला लागले होते, इतक्यात व्यायामोपचाराच्या खोलीतल्या बाईंनी मला हटकले.

त्या बाई तेव्हा नुकत्याच कामावर लागल्या होत्या. मोडलेले, शिवलेले, आखडलेले हातपाय पुन्हा चालते करायचे, हे त्यांचे काम. खोलीत एक गादीचे टेबल, एक आरसा आणि भिंतीवर बसवलेले एक चाक, एवढाच सरंजाम होता. बाईंनी मला करवतीने आखूड केले, सँडपेपरने घासून गुळगुळीत केले आणि दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. मग मला हातात तोलून म्हणाल्या, “हिच्याइतकी गुणी काठी दुकानात मिळायची नाही.”

मित्रांनो, कौतुकाचे ते पहिले बोल मी अजून विसरलेले नाही.

पुढे माझ्या हाताखालून, म्हणजे खरे तर मी ज्यांच्या हाताखालून गेले, अशी कितीतरी माणसे आली. एक निवृत्त शिक्षक मला हातात घेताच सवयीने हवेत उगारत आणि स्वतःच लाजून हसत. एक आजीबाई व्यायाम झाला की मला पदराने पुसून ठेवत. पण मला आज तुम्हाला सांगायची आहे ती ओळंब्याची गोष्ट.

ओळंबा हे त्याचे खरे नाव नव्हे. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे की नाही ते पाहतो, त्या वजनाला ओळंबा म्हणतात. हा माणूस एका मोठ्या हॉटेलात वेटर होता. उजव्या हाताचा तळवा खांद्याच्या मागे उलटा वळवून त्यावर तो भरलेला भलामोठा ट्रे पेलायचा आणि गर्दीने खच्चून भरलेल्या हॉलमधून असा चालायचा, की पेल्यातल्या पाण्याला चाहूल लागू नये. म्हणून हॉटेलातल्यांनी त्याचे नाव ओळंबा ठेवले, आणि ते इतके चिकटले की पुढे बायकोच्या माहेरीही तेच चालू लागले.

एकदा जिन्यावरून पाय घसरताना त्याने कठडा पकडला. शरीर खाली गेले, हात वरच राहिला आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला. पण एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची संधीच शोधतो. कधी सदरा घालताना, कधी झोपेत कूस बदलताना तो आपला निसटायचा. ओळंबा कुणाला सांगायचा नाही. शेवटी एका दुपारी भर हॉलमध्ये, ट्रे वर असतानाच खांदा सुटला. उकळत्या चहाची किटली एका लहान बाळाच्या खुर्चीशेजारी आदळली. बाळाला काही झाले नाही. पण बाळाच्या आईने त्याला छातीशी कवटाळून ओळंब्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर घेऊन तो शस्त्रक्रियेला तयार झाला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. हात बरेच दिवस गळ्यातल्या झोळीत राहिला आणि मग एके सकाळी तो बायकोबरोबर आमच्या खोलीत आला.

बाईंनी त्याला मला धरायला दिले. दोन्ही कोपरे शरीराला टेकलेली, कोपरापासून हात समोर. मग उजवे कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये त्यांनी टॉवेलची एक घडी ठेवली.

“हा टॉवेल पडू द्यायचा नाही,” बाई म्हणाल्या. “आता डाव्या हातानं काठी हळू उजवीकडं ढकला. उजवा हात बाहेर जाऊ दे.”

ओळंब्याने मला ढकलले. उजवा हात जेमतेम समोरच्या रेषेपलीकडे सरकला आणि थांबला. मित्रांनो, तो थांबा मला चांगला ओळखू येतो. दार बंद असते तसा तो कडक नसतो. ओल्या दोरीला ताण द्यावा तसा असतो. थोडी ताणली जाते, आणि मग नाही.

“गंजलं वाटतं,” ओळंबा हसत म्हणाला, पण त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“गंजलं नाही, घट्ट केलंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची चहाची बशी घेतली आणि तिच्यावर एक चेंडू ठेवला. “खांदा असा असतो. चेंडू मोठा, बशी उथळ. म्हणून तर हात चहूकडं फिरतो. शरीरातला दुसरा कुठलाच सांधा इतका फिरत नाही.”

“बाई, बशीचं मला सांगू नका,” ओळंबा म्हणाला. “उथळ बशीतून काय काय घरंगळतं ते मी जन्मभर पाहिलंय.”

“मग बरंच झालं. तुमच्या बशीची कड फाटली होती. सर्जननी ती परत शिवली, आणि भोवतीचा सैल पडलेला पडदा ओढून आवळला. आता चेंडू निसटणार नाही. पण आवळलेल्या गोष्टीचं फिरणं थोडं कमी होतंच. हात समोरून वर बहुतेक पूर्ण जाईल. बाहेर वळणं मात्र सगळ्यात सावकाश येतं, आणि कधीकधी थोडं राहून जातं.”

“किती राहतं?”

“ते आत्ता मलाही सांगता यायचं नाही.”

इथेच ओळंब्याचा चेहरा उतरला. आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट यावरच आहे. ट्रे खांद्यावर पेलायचा तर हात बाजूने वर जावा लागतो आणि तळवा मागे वळावा लागतो. म्हणजे नेमके तेच बाहेर वळणे लागते. हॉटेलच्या मालकांनी त्याला सांगितले होते, “मोठा हंगाम लागेपर्यंत तुझी जागा ठेवतो. ट्रे वर गेला तर हॉल तुझा. नाही गेला तर मागं भांड्यांवर. माझा इलाज नाही.”

दिवस जात राहिले. हात समोरून वर जाऊ लागला. तो पार डोक्यावर गेला, त्या दिवशी बायकोने टाळी वाजवली. बाहेर वळणे मात्र गोगलगायीच्या चालीने चालले होते. घरीही सराव व्हावा म्हणून बाईंनी मला ओळंब्याबरोबर पाठवले. “टॉवेलची घडी विसरू नका,” त्यांनी दारातून पुन्हा बजावले.

अशा रीतीने मी प्रथमच एका घरात राहायला गेले. दोन खोल्यांचे ते घर. त्याची बायको घरीच कपडे शिवायची. कापडाचे तुकडे, सुया, दोऱ्याची रिळे यांच्या मधोमध तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मला आडवी धरून उजवीकडे ढकलायचा. माझे टोक भिंतीवर जिथवर पोचेल तिथे बायको शिवणाच्या खडूने रेघ ओढायची. पहिल्या दिवशी टॉवेल होता. दुसऱ्या दिवशी तो धुवायला गेला. तिसऱ्या दिवसापासून त्याची कुणाला आठवण राहिली नाही.

आणि रेघा मात्र भराभर पुढे सरकू लागल्या!

“अहो, बघा तरी, कालच्यापेक्षा चांगली दोन बोटं पुढं!” बायको म्हणायची.

“दोन नाही, तीन म्हण. तुझी बोटं जाड आहेत.”

“असू देत जाड. त्यांनीच घर चाललंय सध्या.”

ते दोघे हसायचे. मला मात्र हसू येत नव्हते. मला जो धक्का पोचत होता तो खांद्यातून येतच नव्हता. तो कमरेतून येत होता. ओळंब्याचे पाय जमिनीवर, खांदा जिथल्या तिथे, आणि कमर गुपचूप उजवीकडे वळत होती. त्याने हे मुद्दाम केले असे समजू नका. गर्दीत कुणी आडवे आले की ट्रे हलू न देता कमरेतून वळायचे, हे त्याच्या अंगात इतकी वर्षे मुरलेले होते. खांदा अडला की कमर न सांगता मदतीला धावायची. त्याला वाटायचे, हातच चालला. भिंतही तेच सांगायची. खोटे बोलायचे कुणाच्याच मनात नव्हते आणि तरी त्या घरात रोज एक खोटी रेघ वाढत होती. मी काठी. मी काय बोलणार?

ठरलेल्या दिवशी तो ताठ मानेने बाईंकडे गेला. बाईंनी टॉवेलची घडी ठेवली, कमरेवर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, “आता ढकला.”

हात पूर्वीच्याच जागी थांबला. बाईंनी कोन मोजायचे साधन लावले. तुमच्या कंपासपेटीत कोनमापक असते ना, तसेच ते असते, फक्त त्याला दोन लांब पट्ट्या असतात.

“मागच्या वेळेइतकाच आहे,” त्या म्हणाल्या.

“शक्यच नाही!” ओळंब्याचा आवाज चढला. “घरी भिंतीवर रेघा आहेत. विचारा हिला. वीतभर पुढं गेलाय हात!”

“जरा टॉवेल आणि माझा हात काढते. आता आरशात बघून करा.”

त्याने केले. मी झर्रकन उजवीकडे गेले. आणि आरशात त्याने आपला शर्ट पाहिला. बटणांची पट्टी नाकाखाली सरळ असायला हवी होती. ती पार उजव्या कुशीकडे वळली होती.

“भिंतीवर आहेत त्या रेघा तुमच्या कमरेच्या आहेत,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मी त्याच्या काखेत होते. त्याची पकड इतकी घट्ट होती की वाटले, आता आपण मोडतो.

घरी आल्याबरोबर त्याने खुर्ची ओढली, टॉवेल काखेत दाबला आणि बायकोला म्हणाला, “धर काठी. लाव जोर.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू ढकल. मी थांब म्हणेपर्यंत ढकल. मी थांब म्हणणार नाही.”

“अहो, बाईंनी सांगितलंय, ताण बसला की थांबायचं.”

“बाईंना हंगाम नाही. मला आहे. ढकल!”

तिने माझे टोक हातात घेतले आणि ढकलले. मी त्या थांब्यापर्यंत पोचले. तिने आणखी जोर लावला. त्याचा ओठ दाताखाली गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला मोडून पडता आले असते तर मी आनंदाने मोडले असते. पण काताऱ्याने मला चांगल्या लाकडातून काढले होते.

ढकलता ढकलता बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मला सोडून दिले. मी खटकन फरशीवर पडले.

“माझ्या हातून होणार नाही हे,” ती म्हणाली.

“अगं, एवढंसं...”

“एवढंसं काय? मी शिवणकाम करते, मला शिकवू नका. बाहीचा मुंढा, खांद्याजवळचा घेर, आत घेतला की हात मोकळा वर जात नाही. जात नाही म्हणून कुणी ओढला तर काय होतं? कपडा वाढत नाही, शिवण उसवते. कपड्याची उसवली तर मी पुन्हा घालीन. ही आतली कोण घालणार?”

तो पुटपुटला, “मग भांडीच घासू का जन्मभर?”

“घासा,” ती म्हणाली. “पण दोन्ही हातांनी घासाल ना?”

दुसऱ्या दिवशी दोघांनी बाईंना सारे खरे सांगितले. बाईंनी खांदा बारकाईने तपासला, सर्जनना बोलावून दाखवला आणि मगच श्वास सोडला. काही उसवले नव्हते.

“एक गोष्ट समजून घ्या,” त्या म्हणाल्या. “खांदा निसटायचा तेव्हा तो हवा तेवढा वळत होता. तुम्ही नेमकं तेच बंद करून मागितलंत. आता थोडं वळणं गेलं आणि त्या बदल्यात भरवसा आला. वर्षभर अजून थोडं थोडं येत राहील. ते सरावानं येतं, रेट्यानं येत नाही. आणि अगदी पहिल्यासारखं येईलच, असं मी म्हणणार नाही. तुमच्यासाठी खोटी रेघ मला ओढायची नाही.”

मग त्यांनी विचारले, “ट्रे खांद्यावरच का लागतो?”

“हॉल भरलेला असतो, बाई. डोक्यांवरूनच वाट असते.”

“आणि छातीसमोर, दोन्ही हातांत? कोपरं अंगाला टेकवून?”

“कमी मावतं. फेऱ्या वाढतात. आणि लोक हसतात.”

“फेऱ्यांचं बघू. हसण्यावर माझ्याकडं व्यायाम नाही.”

त्या दिवसापासून माझ्याबरोबर एक रिकामा ट्रेही सरावात आला. पुढे तो भरला. ओळंबा आता टॉवेल विसरत नव्हता. भिंतीवरच्या जुन्या रेघा बायकोने ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. नवी रेघ ओढली ती जुन्यांच्या कितीतरी मागे होती. पण ती खांद्याची होती.

आणि हंगाम तोंडावर आला. मालकांनी बोलावले, त्या दिवशी संध्याकाळी मला बाईंकडे परत द्यायचे होते, म्हणून मीही त्याच्याबरोबर हॉटेलात गेले. त्याने मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभे केले.

“ओळंबा आला रे!” आचारी आतून ओरडला. “भिंती सरळ करून घ्या!”

पण ओळंबा हसला नाही. समोर हॉलमध्ये जादा टेबले लावलेली, खुर्च्यांना खुर्च्या भिडलेल्या. एका टेबलावर पाण्याच्या भरल्या पेल्यांचा तो भलामोठा ट्रे. मालक बाजूला उभे.

“उचल,” मालक म्हणाले. “पूर्वीसारखा. वर.”

ओळंब्याने तळवा ट्रेखाली घातला, डाव्या हाताने आधार दिला आणि ट्रे खांद्याच्या उंचीला नेला. आता तळवा मागे वळायचा होता. तो वळला, आणखी थोडा वळला, आणि थांबला. दुरूनही मला तो थांबा कळला. पेल्यांतले पाणी थरथरले. त्याची कमर वळू लागली होती. ती त्याने जागच्या जागी आवरली. एक झटका दिला असता तर ट्रे गेलाही असता वर. मला वाटले, देतो आता.

त्याने ट्रे हळूच टेबलावर उतरवला.

“मालक, इथपर्यंतच. यापुढं माझा हात जात नाही.”

“जात नाही, की नेत नाहीस?”

“दोन्ही.”

मालक काही बोलण्याआधीच त्याने निम्मे पेले खाली काढले, कोपरे अंगाला टेकवून ट्रे दोन्ही हातांत छातीसमोर धरला आणि टेबलांमधून चालू लागला. जिथे वाट अरुंद होती तिथे थांबला, खुर्चीत बसलेल्या कुणाला वाट मागावी तसा वाकला, आणि मग पुढे गेला. पलीकडच्या भिंतीला पोचला आणि परत आला.

“हे म्हणजे बाळ घेऊन चालल्यासारखं दिसतं,” मालक म्हणाले.

“दिसू दे.”

“दोन फेऱ्या लागतील तुला.”

“लागतील. सांडणार नाही.”

मालकांनी पेल्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “मधला हॉल नव्या वेटरला द्यावा लागेल. दाराजवळची टेबलं तू घे. तिथं वाट रुंद आहे.”

मधला हॉल म्हणजे त्याची इतक्या वर्षांची जागा. तिथेच तर त्याला ओळंबा हे नाव मिळाले होते. त्याने एकदा त्या टेबलांकडे पाहिले, मान हलवली आणि एप्रन बांधायला आत गेला. गाठ मागे बांधावी लागते. ती त्याने स्वतःच बांधली.

संध्याकाळी त्याने मला परत केले तेव्हा बाईंनी पुन्हा कोन मोजला. थोडाच, पण वाढला होता. त्याने विचारले नाही की आणखी किती वाढेल. त्या दिवशी मला तो प्रथमच हलका वाटला, जरी तो काहीतरी गमावून आला होता.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. बाई निवृत्त झाल्या. खोलीत विजेवर चालणारी, हात आपोआप हलवणारी यंत्रे आली. मी आधी कोपऱ्यात गेले, मग उंचावरच्या खिडकीचे दार ढकलायच्या कामी आले. माझ्या टोकांच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत. त्याचे मला फारसे दुःख नाही. यंत्रेही चांगलीच आहेत. पण कधीकधी एखादा घाईतला माणूस यंत्राचा आकडा वाढवताना दिसतो, आणि तेव्हा मला फार बोलावेसे वाटते.

म्हणून ते तुम्हाला सांगते, मित्रांनो. सांधा ही देणगी आहे. तो दुखला, निसटला तर लपवू नका, मोठ्यांना सांगा. तुमच्या घरात, वर्गात कुणाचा हात शिवून आला असेल तर त्याला “बघू, अजून किती जातो!” म्हणून कधी ओढू नका. आणि भीतीने त्याचा हात बांधूनही ठेवू नका, कारण न हलणारा खांदा आखडतो. त्याच्या शेजारी उभे राहा. त्याचा हात सावकाश बाहेर जाऊ द्या. तो जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा, आणि त्याला एवढेच म्हणा, “आज इथपर्यंत आला. छान.”